भिंती तीनदा रंगल्या, पगाराचं काय?

मागच्या अंकात कंपन्यांचा सीएसआर निधी (म्हणजे मोठ्या कंपन्यांनी नफ्यातून सामाजिक कामावर कायद्याने खर्चायचा पैसा) आणि कर्मचाऱ्यांची स्वयंसेवा याबद्दल प्रश्न मागवले होते. बरीच पत्रं आली, त्यातली पाच इथे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच: ९ वर्षं मी मुलींच्या एका वसतिगृहाची व्यवस्था पाहिली आणि त्यानंतर १२ वर्षं एका कारखान्याच्या सीएसआर विभागात नोकरी केली. मागणाऱ्यांच्या बाजूने बसले, देणाऱ्यांच्याही. आता लहान संस्थांना प्रस्ताव आणि हिशेबाच्या कामात मदत करते.

ताई, आमची संस्था वस्तीतल्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवते. जवळच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीचे कर्मचारी दोन वर्षांत तीनदा येऊन भिंती रंगवून गेले. तिसऱ्या वेळी तर आधीचा रंग चांगला होता. आम्हाला खरी गरज आहे दोन शिक्षिकांच्या पगाराची. तसं म्हटलं की ‘पगार म्हणजे ॲडमिन खर्च, तो पाच टक्क्यांच्या वर देता येत नाही’ असं उत्तर येतं. हे खरं आहे का? आणि रंगकामाला नाही म्हटलं तर कंपनी दुखावेल का? — एक विश्वस्त

ताई, हे खरं नाही. पाच टक्क्यांची मर्यादा कायद्यात आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावरच्या खर्चाला आहे. म्हणजे त्यांच्या त्या विभागातल्या लोकांचे पगार, त्यांचं ऑफिस, त्यांची स्टेशनरी. तुमच्या शिक्षिका या तुमचा ॲडमिन खर्च नाहीत. अभ्यासिकेतून त्या दोघींना बाजूला काढलं तर रंगवलेल्या चार भिंती उरतात.

कंपनी व्यवहार मंत्रालयाने २५ ऑगस्ट २०२१ रोजी काढलेल्या परिपत्रकात, क्रमांक १४/२०२१, प्रश्नोत्तरांच्या रूपात हा खुलासा केलेला आहे. शिक्षणाच्या प्रकल्पातल्या शिक्षकांचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च, असं उदाहरण त्यात दिलं आहे. परिपत्रक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतं. त्या पानाची प्रिंट काढा आणि प्रस्तावाला जोडा. भांडायला जायचं नाही, नुसतं जोडायचं. समोरचा अधिकारी बहुतेक वेळा वाईट हेतूने बोलत नसतो. त्याला कुणीतरी तसं सांगितलेलं असतं आणि त्याने ते पडताळलेलं नसतं.

पण आपलीही एक चूक होते. तुमचा जुना प्रस्ताव काढून बघा. अंदाजपत्रकात ‘व्यवस्थापन खर्च’ असं शीर्षक आणि त्याखाली ‘मानधन, २ व्यक्ती’ असं लिहिलेलं असेल, तर वाचणाऱ्याला तो ॲडमिनच वाटणार. तिथे कामाचं नाव लिहा: अध्यापन, दोन शिक्षिका, आठवड्याचे सहा दिवस, रोज अडीच तास, इतकी मुलं. खोलीचं भाडं आणि विजेचं बिलही त्याच कामाखाली घ्या, कारण अभ्यासिका त्या खोलीतच भरते. हिशेब लिहिणाऱ्याचे पैसेही लपवू नका, वेगळ्या ओळीत स्वच्छ दाखवा.

पगार द्यायला कंपन्या का कचरतात, हेही सांगते. पगाराचा फोटो निघत नाही, हे एक. दुसरी भीती मोठी आहे. आपण तीन वर्षांनी थांबलो तर या बायांचं आणि मुलांचं काय, हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत ऐकावा लागे आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर प्रस्तावातच द्या. पहिल्या वर्षी दोन्ही पगार कंपनीकडून, दुसऱ्या वर्षी एक तुमच्या देणगीदारांकडून, असा काहीतरी उतार दाखवलात तर संचालकांपुढे जायला अधिकाऱ्याला बळ मिळतं.

आता रंगाचं. ही गोष्ट मी अजून विसरलेली नाही. मी कारखान्यात होते तेव्हा एका शनिवारी ४० जणांना घेऊन मुलींच्या एका वसतिगृहात गेले. दोन बस, सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, रंगाचे डबे. रेक्टरबाई पहाटे उठून आमच्यासाठी पोहे करत होत्या. सोमवारी मुलींची चाचणी होती आणि खोल्या रिकाम्या केल्यामुळे सगळ्या जणी जिन्याच्या पायऱ्यांवर मांडीवर वह्या घेऊन बसल्या होत्या. एका मुलीने आपल्या कॉटजवळच्या भिंतीवर अभ्यासाचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. आमच्यातल्या एकाने ते फाटू न देता सोडवलं, घडी करून गादीवर ठेवलं. संध्याकाळी ती मुलगी वर आली, घडी उलगडून कागद ओल्या भिंतीपाशी धरून उभी राहिली, आधी नेमका कुठे होता ते शोधत. बस सुटायच्या वेळी रेक्टरबाई मला हळूच म्हणाल्या की आदल्या दिवाळीतच एका देणगीदाराने रंग काढून दिला होता. आधी का नाही सांगितलंत, असं विचारलं तर म्हणाल्या, ‘तुम्ही एवढ्या आपुलकीने देताय, नाही कसं म्हणायचं?’

मी स्वतः ९ वर्षं वसतिगृह सांभाळलेलं, तरी मी आधी फोन करून एवढं विचारलं नव्हतं की बाई, तुम्हाला काय हवंय. त्या दिवसानंतर आमच्या विभागात नियम झाला. आधी संस्थेचं पत्र, मग आमचा दिवस.

म्हणून तुम्हाला सांगते, नुसतं ‘नको’ म्हणू नका, त्याच पत्रात दुसरं काम द्या. अगदी नेमकं. ‘४० जण एका दिवसासाठी येण्याऐवजी चार जण दहा शनिवार आले तर आम्हाला फार उपयोग होईल. दहावीचं गणित आणि इंग्रजी. वेळ चार ते सहा.’ कंपनीत किती तऱ्हेची माणसं असतात ते आठवा. अकाउंट्समधला एखादा चार रविवार बसला तर तुमची वर्षाची व्हाउचरं टॅलीत चढतील आणि पुढचं तुमच्या संस्थेत हिशेब लिहिणाऱ्या मुलीला शिकवून जाईल. मेन्टेनन्सचा इलेक्ट्रिशियन तासाभरात सांगेल की तुमच्या खोलीला अर्थिंग आहे की नाही. मुलांच्या अंगणात उघड्या पडलेल्या वायरीपुढे भिंतीच्या रंगाला काय किंमत? एचआरची मंडळी मोठ्या मुलांच्या मुलाखतींचा सराव घेऊ शकतात. असं पत्र पाहून दुखावलेली कंपनी मी तरी पाहिलेली नाही. उलट ‘आमच्या लोकांनी करायचं तरी काय’ याच विवंचनेत ते असतात.

नमस्कार. मी एका कंपनीत इंजिनिअर आहे. वर्षाला दोन दिवस स्वयंसेवेसाठी पगारी रजा मिळते. ५ जूनला आम्ही झाडं लावतो आणि ऑक्टोबरमध्ये दानउत्सवाच्या आठवड्यात एखाद्या बालगृहात खाऊ घेऊन जातो. पण मन भरत नाही. आणखी काय करता येईल? आमचे हे तास कंपनीच्या सीएसआर खर्चात धरले जातात का? — एक कर्मचारी

दादा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही. कर्मचाऱ्यांनी सहभागी व्हावं असं मंत्रालय म्हणतं, पण तुमच्या तासांची रुपयांत किंमत लावून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही. मला हे योग्य वाटतं. तुमचा वेळ हा तुमचाच राहतो, कुणाच्या ताळेबंदातली रक्कम होत नाही.

मन भरत नाही याचं कारण तुमच्या तारखांत आहे. ५ जूनला आपल्याकडे बहुतेक भागांत पाऊस स्थिरावलेला नसतो. खड्डे घाईने खणलेले असतात, मुरमाड जमिनीत वीतभर. रोप लागतं, फोटो निघतो आणि पुढच्या उघडिपीत ते माना टाकतं. खड्डे मे महिन्यात खणून तापू द्यावेत, रोपं जुलैत दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लावावीत आणि खरी माणसं लागतात ती पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये, पाणी घालायला. तुमच्या दोन दिवसांचे चार अर्धे दिवस करून मिळतील का, हे एचआरला विचारा. एक खणायला, एक लावायला, दोन पाणी द्यायला. रजेचा हिशेब तोच राहतो आणि झाड जगतं.

बालगृहाचंही तसंच आहे. दानउत्सव २ ते ८ ऑक्टोबरला असतो. त्या आठवड्यात एकेका बालगृहात तीन-तीन कंपन्यांचे गट येतात, दिवाळीपर्यंत खाऊची रेलचेल असते आणि मग जानेवारी-फेब्रुवारीत, जेव्हा परीक्षांची तयारी सुरू असते, तेव्हा कुणीच फिरकत नाही. तुम्ही फेब्रुवारीत जा. आणि जाताना तीन गोष्टी पाळा, एवढं कळकळीने सांगते. मुलांचे फोटो काढू नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार संस्थेत काळजी आणि संरक्षणासाठी ठेवलेल्या मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे, चेहरा दाखवणारा फोटो त्यातच येतो. मुलांना ‘तू इथे कसा आलास’ हे कधीही विचारू नका. आणि ‘पुन्हा येईन’ असं तारीख ठरलेली असल्याशिवाय म्हणू नका. आपण सहज बोलून जातो. ती मुलं फाटकाकडे बघत बसतात.

आमच्या वाचनालयाला एक कंपनी १५ जुने संगणक देते आहे. बदल्यात त्यांना दोन लाखांची देणगी पावती हवी आहे. द्यावी का? — वाचनालयाचे कार्यवाह

देऊ नका. पैसे आले नाहीत तर पैशांची पावती नाही. वस्तूंची किंमत लावून ती सीएसआर खर्चात धरता येत नाही आणि देणगीदाराला मिळणारी ८०-जीची आयकर सवलतही पैशाच्या देणगीलाच असते, वस्तूंना नाही. कंपनीला पोच हवी तर ‘वापरलेले १५ संगणक मिळाले’ असं मॉडेल आणि क्रमांकांसह लिहून द्या, त्यात रक्कम घालू नका. आणि घ्यायच्या आधी एखाद्या जाणकाराला पाठवून ते चालू करून बघा. अर्धे चालणारे नसतील तर तुमचं वाचनालय त्यांचं भंगार ठेवायची खोली होऊन बसेल.

आमची संस्था नोंदणी होऊन दोन वर्षं झाली. एकल महिलांसाठी काम करतो. तालुक्यात एमआयडीसी आहे, पण सगळीकडे ‘सीएसआर-१ आहे का’ हा पहिला प्रश्न. मग पुढे बोलणंच होत नाही. लहान आणि नव्या संस्थांनी करायचं काय? — एक कार्यकर्ता

आधी नियम समजून घेऊ, म्हणजे कुणाचं दार वाजवायचं ते कळेल. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. आदल्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीचं नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यातलं काही एक गाठलेलं असेल, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. हे काम बाहेरच्या संस्थेमार्फत करायचं तर त्या संस्थेकडे आयकर विभागाची १२-अ आणि ८०-जीची नोंदणी हवी, तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव हवा आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ अर्ज भरून मिळालेला नोंदणी क्रमांक हवा. तेव्हा तुम्हाला हा पैसा थेट मिळायला अजून थोडा अवधी आहे. कुणी ‘करून देतो’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

पण तुमच्या एमआयडीसीत कितीतरी कारखाने या मर्यादांच्या खालचे असणार. त्यांच्यावर दोन टक्क्यांची सक्ती नाही, म्हणून त्यांना सीएसआर-१ विचारायचंही कारण नाही. मालक स्वतःच्या मर्जीने देणगी देऊ शकतो. माझा अनुभव असा की हीच माणसं वर्षानुवर्षं टिकून राहतात, कारण त्यांना तुमचं काम येता-जाता दिसत असतं. निर्णयही टेबलावरच होतो, मुंबईच्या मुख्यालयात फाइल जात नाही.

दुसरा मार्ग म्हणजे जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या, विश्वासाच्या संस्थेबरोबर काम करायचं. प्रकल्प तिच्या नावावर, गावातलं काम तुमचं. इथे मात्र आधी लेखी करार करा: कोण काय करणार, पैसे कधी येणार, अहवालात तुमचं नाव येणार का. तोंडी बोलणीवर दोन चांगल्या संस्था कायमच्या दुरावलेल्या मी पाहिल्या आहेत.

आणि या मधल्या काळात कागद नीट करा. विश्वस्त बदलला, कुणी वारलं, कुणी राजीनामा दिला, तर ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. नव्या संस्था हे हमखास विसरतात. एका संस्थेला आम्ही निधी मंजूर केला होता आणि करारावर सही करणारे अध्यक्ष कार्यालयाच्या नोंदीत विश्वस्तच नव्हते. सगळं दुरुस्त होईपर्यंत ते आर्थिक वर्ष निघून गेलं आणि त्या वर्षी त्यांच्या शिवण वर्गाच्या मशीन आल्या नाहीत. दरवर्षीचं ऑडिट वेळेवर, ठरावांची वही रोजची रोज, आणि एका पानावर तुमचं काम: किती बाया, कुठली गावं, त्यांच्या आयुष्यात काय हललं. त्या पानासाठी तरी मोठे शब्द वापरू नका. ‘सक्षमीकरण’ लिहिण्यापेक्षा ‘अमुक इतक्या जणींची रेशनकार्डं स्वतःच्या नावावर झाली’ असं लिहिलंत की वाचणारा थांबतो.

तुमची तीन वर्षं पूर्ण झाली की मोठ्या कंपन्यांकडे जा. कुठली कंपनी कुठल्या राज्यात, कशावर किती खर्च करते हे सरकारच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर बघता येतं. शिवाय ज्या कंपनीचं संकेतस्थळ आहे, तिला आपलं सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प तिथे द्यावे लागतात. कायदा म्हणतो की कंपनीने आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. ते बंधन काटेकोर नाही, तरी प्रस्तावाच्या पहिल्याच ओळीत ‘आपल्या कारखान्याच्या फाटकापासून इतक्या किलोमीटरवर’ असं लिहा. आणखी एक बारकावा: ज्यांचा वर्षाचा सीएसआर ५० लाखांपर्यंतच आहे, त्यांना वेगळी समिती नेमायची सक्ती नाही, तिथे संचालक मंडळच ठरवतं. पहिला अर्ज अशांकडे करा.

१६ मार्चला एका कंपनीचा फोन आला. ‘सहा लाख देतो, ३१ मार्चच्या आत खर्च करून युटिलायझेशन सर्टिफिकेट द्या.’ आमचा फिरता दवाखाना वर्षभर चालतो. पंधरा दिवसांत सहा लाख कसे खर्चायचे? पैसे मात्र फार गरजेचे आहेत. यंदा आम्ही कसंबसं निभावलं, पण पुढच्या मार्चला पुन्हा फोन येणार. — संस्थेच्या सचिव

ताई, मार्चमधले हे फोन मीही केले आहेत, म्हणून त्या बाजूची घाई मला ठाऊक आहे. संस्थेच्या खात्यात पैसे टाकले म्हणजे कंपनीचा खर्च झाला, असं होत नाही. ते प्रत्यक्ष कामावर खर्च व्हावे लागतात आणि कंपनीच्या वित्तप्रमुखाला तसं प्रमाणित करावं लागतं. म्हणून ते तुमच्याकडून सर्टिफिकेट मागतात.

पण कायद्यानेच यातून वाट ठेवलेली आहे. तुमच्या दवाखान्याला कंपनीच्या संचालक मंडळाने ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजुरी दिली, तर न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यावर ३० दिवसांत एका वेगळ्या ‘अनस्पेंट सीएसआर’ खात्यात ठेवता येते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत त्याच प्रकल्पावर खर्च करता येते. तशी मंजुरी नसेल तर उरलेला पैसा सहा महिन्यांत कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मधल्या एखाद्या सरकारी निधीत जातो, तुमच्याकडे येत नाही. म्हणजे सगळं अवलंबून आहे ते संचालक मंडळाच्या ठरावावर, आणि तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुचून होत नाही.

तेव्हा पुढच्या मार्चची वाट बघू नका. आत्ताच तीन वर्षांचा प्रस्ताव द्या. गाडीचं डिझेल, डॉक्टर, परिचारिका, औषधं, दर तीन महिन्यांनी किती लागणार याचा तक्ता. सोबतच्या पत्रात ‘चालू प्रकल्प’ हे शब्द स्पष्ट लिहा आणि बहुवर्षीय मंजुरी मागा. डिसेंबरमध्ये पुन्हा एकदा आठवण करा, तेव्हा त्यांच्याकडे न खर्चलेल्या रकमेचा अंदाज यायला लागलेला असतो.

आणि तरीही १६ मार्चला फोन आलाच, तर जेवढं खरोखर खर्चता येईल तेवढंच घ्या. सहा महिन्यांत लागणारी, मुदत लांबची असलेली औषधं घेता येतील, गाडीचे टायर बदलायचे असतील तर तेही. त्याची बिलं लावा, तेवढ्याचंच सर्टिफिकेट द्या. दीड लाख झाले तर दीड लाखाचं. न झालेल्या खर्चाच्या कागदावर तुमची आणि तुमच्या सीएची सही जाते, फोन करणाऱ्याची जात नाही. तो अधिकारी पुढच्या वर्षी दुसऱ्या नोकरीत असेल आणि तुमची गाडी मात्र त्याच गावांत जायची असेल. प्रस्तावाचा मसुदा तयार झाला की मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. अंदाजपत्रकाचा तक्ता मी बघून देईन.